डायल नवी, काटे हिरवे: १९६७ च्या एका सीमास्टरची खरेदीपूर्व तपासणी

विक्रीला आलेलं घड्याळ होतं ओमेगा सीमास्टर. स्टीलची केस, रुपेरी डायल, तीनच्या जागी तारीख, ऑटोमॅटिक. किंमत ६८ हजार रुपये. सोबत मजकूर असा: घड्याळ आजोबांचं आहे, १९६७ मध्ये मुंबईत नवं घेतलेलं, शंभर टक्के ओरिजिनल, आजवर एकदाही उघडलेलं नाही, वेळ अचूक दाखवतं. खाली चार फोटो. घेणारा माझा भाचा, हिंजवडीत नोकरीला. त्याच्या वडिलांचा जन्म १९६७ चा, आणि त्यांच्या साठीला जन्मवर्षाचं घड्याळ द्यायचं असं त्याने मनाशी ठरवलं होतं. "मामा, ओरिजिनल आहे का नाही एवढंच सांग," असा त्याचा मेसेज आला. विक्रेत्याकडे म्हणे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, त्यामुळे त्याला संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स हवा होता.

हे प्रकरण सविस्तर मांडतोय, कारण यात सरळसरळ बनावट घड्याळ नव्हतं. बनावट माल त्यामानाने लवकर ओळखू येतो. इथे केस ओमेगाची, मशीन ओमेगाचं, डायलचा पत्राही बहुधा ओमेगाचाच. तरीही जाहिरातीतली बहुतेक विधानं तपासणीत टिकली नाहीत. साठ वर्षांच्या जवळ आलेल्या घड्याळाला 'ओरिजिनल आहे का' हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. केस, मशीन, डायल, काटे, चावी, काच या प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी लागते: हा भाग कोणत्या सालचा, आणि पहिल्यापासून याच घड्याळात होता का? सगळ्यांची सालं एकमेकांशी जुळली तर घड्याळ मूळचं. एखादा भाग वेगळं साल सांगू लागला, की तो कधी आणि का बदलला हे शोधायचं आणि त्या हिशोबाने किंमत लावायची. भाच्याला मी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं नाही ते यासाठीच.

ॲडव्हान्स मात्र लगेच थांबवायला सांगितला. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर त्याने खुशाल घ्यावं. यूपीआयने एकदा पाठवलेले पैसे समोरच्याने स्वतःहून दिले तरच सहज परत येतात. घाई लावणाऱ्याशी व्यवहार करताना आपण आपला वेळ सोडायचा नाही.

जाहिरातीतले चार फोटो

चारही फोटो रात्री, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेले. एक समोरून, पण काचेवर दिव्याचा झोत. एक मनगटावर बांधून. एक बाजूने. चौथा चक्क पट्ट्याच्या बकलाचा, आणि पट्टा तर नवाच होता. मागच्या झाकणाचा फोटो नाही, मशीनचा तर नाहीच.

एवढ्यावरूनही दोन गोष्टी लक्षात आल्या. पट्टा अडकवायच्या कानांची जाड, पैलूदार घडण ओमेगाच्या १६६.०१० या मॉडेलशी जुळत होती. सीमास्टरचं हे साठच्या दशकातलं मॉडेल. ओमेगाच्या त्या काळच्या पद्धतीत १६६ ने सुरू होणारा नंबर म्हणजे पुरुषांचं, ऑटोमॅटिक, तारखेचं, पाण्यापासून संरक्षण असलेलं घड्याळ. म्हणजे निदान काय शोधायचं ते कळलं.

दुसरी गोष्ट मजकुरातली. 'एकदाही उघडलेलं नाही' आणि 'वेळ अचूक दाखवतं' ही दोन वाक्यं एका जाहिरातीत नांदू शकत नाहीत. मशीनमधलं तेल काही वर्षांत सुकतं, चिकट होतं. म्हणूनच अशा घड्याळाचं दर पाच-सात वर्षांनी ऑइलिंग करून घ्यायची पद्धत आहे. पन्नासहून जास्त वर्षं न उघडलेलं मशीन एक तर अडखळत चालेल, नाही तर कोरडं चालून आतून झिजलेलं असेल. यातलं एक विधान चुकीचं असणार हे घड्याळ न पाहताच सांगता येत होतं.

मग विक्रेत्याला मेसेज पाठवला. शब्द मुद्दाम नरम ठेवले, कारण संशयाचा सूर लागला की माणूस फोटो पाठवणंच बंद करतो. "नमस्कार. घड्याळ आवडलं आहे, घ्यायची मनापासून इच्छा आहे. दिवसाउजेडी खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढलेले काही फोटो मिळतील का? डायल अगदी समोरून आणि जरा तिरकी धरून, मागचं झाकण बाहेरून आणि आतून, मशीन जवळून, चावी, आणि चारही कान. शिवाय घड्याळ हळूहळू फिरवताना आणि चावी ओढून तारीख बदलताना छोटा व्हिडिओ." उत्तर आलं की झाकण उघडलं तर ओरिजिनॅलिटी जाईल. हे कारण खूपदा ऐकायला मिळतं आणि त्यात काही तथ्य नाही. योग्य हत्याराने झाकण उघडल्याने घड्याळाचं काही बिघडत नाही, कुठलाही घड्याळवाला पाच मिनिटांत उघडून देतो. उघडायचा खर्च आम्ही देऊ असं कळवलं. काही दिवस गेले. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि फोटो आले.

झाकणाच्या आत

झाकणाच्या आतल्या बाजूला '१६६.०१०-६७ एससी' असा ठसा स्पष्ट होता. आधी मॉडेलचा नंबर, मग वर्ष, आणि एससी म्हणजे सेकंद काटा मधोमध. केसची ओळख इथे पक्की झाली. पण या ६७ चा अर्थ घड्याळ १९६७ मध्येच तयार होऊन विकलं गेलं, असा घ्यायचा नाही. केसची ती आवृत्ती त्या सालची, एवढंच. घड्याळ प्रत्यक्ष जुळलं कधी त्याचा जास्त भरवशाचा अंदाज मशीनवरच्या सिरियल नंबरवरून येतो.

त्याच ठशाच्या वर, काठाजवळ, सुईच्या टोकाने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं होती. एका ठिकाणी '१२-७८', आणि जरा खाली दुसऱ्या हाताची, वाचता न येणारी सही. घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर काम झाल्यावर झाकणाच्या आत अशी खूण करून ठेवतात, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आलं तर आपण कधी उघडलं होतं ते कळतं. म्हणजे घड्याळ निदान दोनदा उघडलं गेलं होतं. माझ्या दृष्टीने ही घड्याळाची जमेची बाजू आहे, कुणीतरी त्याची काळजी घेतली होती. विक्रेत्याच्या शब्दाची किंमत मात्र इथेच खाली आली.

मशीन पाहून मला खरोखर आनंद झाला. त्या काळातल्या ओमेगा मशीनवर तांब्याच्या छटेचा, गुलाबीसर मुलामा असतो आणि तो इथे मशीनमधल्या, चाकं धरून ठेवणाऱ्या सगळ्या धातूच्या पट्ट्यांवर सारखा होता. एखादी पट्टी दुसऱ्या मशीनमधून आणून बसवली असेल तर तिची छटा अनेकदा वेगळी दिसते. मॉडेल नंबर ५६५, चोवीस ज्वेल, म्हणजे झीज कमी करणारे बारीक खडे. सिरियल नंबर अडीच कोटींच्या थोडा पुढे, म्हणजे १९६७ च्या आसपासचा. केसचा ठसा आणि मशीनचा नंबर एकाच सालाजवळ येऊन मिळतात, तेव्हा ही दोघं पहिल्यापासून एकत्र असण्याची शक्यता चांगलीच वाढते. दोन-तीन स्क्रूंच्या खाचा थोड्या चेपलेल्या होत्या. एवढ्या वर्षांत ते चालायचंच.

व्हिडिओनेही हेच सांगितलं. ५६५ मध्ये चावी काटे लावायच्या जागेच्याही पुढे, पूर्ण बाहेर ओढली की तारीख एकाने पुढे सरकते, आणि चावी आपोआप थोडी आत येते. विक्रेत्याने चावी ओढली, तारीख १४ ची १५ झाली. पुन्हा ओढली, १६. यंत्रणा शाबूत होती.

मशीनवर आणखी एक बारीक ठसा होता, तीन इंग्रजी अक्षरांचा: ओएक्सजी. अमेरिकेत आयात होणाऱ्या ओमेगा मशीनवर ही खूण असायची. म्हणजे हे मशीन आधी अमेरिकेच्या बाजारासाठी निघालेलं. मग 'मुंबईत नवं घेतलं' याचं काय? आजोबांना अमेरिकेतून कुणी आणून दिलं असेल, किंवा विक्रेत्याने अलीकडेच बाहेरून मागवलं असेल. त्याला विचारलं, तर म्हणाला, "घरात असंच सांगतात." असेलही. पण ज्या हकिकतीला बिल नाही, जुना फोटो नाही, वॉरंटीचा कागद नाही, तिच्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डायल

खरा प्रश्न डायलचा होता, आणि सगळ्यात जास्त वेळ मी तिच्यावरच घालवला. अशा घड्याळाच्या किमतीत मोठा वाटा डायलचा असतो. काच मिळते, चावी मिळते, मशीनचे सुटे भाग खटपट करून मिळतात. त्या काळातली न रंगवलेली, धड डायल नव्याने कुणी बनवत नाही.

तिरक्या धरून काढलेल्या फोटोंत आणि व्हिडिओत पहिली गोष्ट दिसली ती उजेडाची. त्या काळातल्या बऱ्याच रुपेरी डायलवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या अतिशय बारीक रेषांचं काम असतं. घड्याळ हलवलं की उजेडाचा एक पट्टा डायलवरून काट्यासारखा फिरतो. या डायलवर काहीच फिरलं नाही. सगळीकडे सारखा, किंचित दाणेदार रुपेरी रंग, फवारणी केल्यासारखा.

मग अक्षरं. कंपनीत डायलवरची अक्षरं कोरलेल्या ठशावरून मऊ गादीने शाई उचलून छापतात, म्हणून त्यांच्या कडा रेखीव येतात आणि रेषेची जाडी काबूत राहते. फोटो मोठा करून पाहिला तर 'सीमास्टर' हा तिरप्या वळणाचा शब्द जागोजागी जाड झालेला होता, इंग्रजी 'ई' आणि 'ए' यांच्या पोटातली मोकळी जागा शाईने भरून गेलेली. 'ऑटोमॅटिक' मधल्या शेवटच्या तीन अक्षरांमधलं अंतर आधीच्या अक्षरांपेक्षा कमी. मिनिटांच्या बारीक रेघा वरच्या अर्ध्या भागात नीट, पण सहाकडे येता येता त्या धातूच्या खुणांच्या मध्यावरून सरकत गेल्या होत्या. सहाच्या खाली 'स्विस मेड' हे शब्द डायलच्या अगदी कडेला, जवळजवळ केसच्या काठाखाली हवे होते. इथे ते चांगले ऐसपैस वर होते. तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेला रंगाचा जाडसर ओघळ वाळलेला दिसत होता.

यातली एखादीच गोष्ट असती तर मी निकाल दिला नसता. कंपनीच्या छपाईतही क्वचित उणीव राहते, आणि फोनचा कॅमेरा कडेच्या रेषा वाकवतो. पण एवढ्या खुणा एकत्र आल्यावर डायल रंगवलेली आहे याबद्दल शंका उरली नाही.

आपल्याकडे अशा डायली जागोजागी का सापडतात, हे समजून घेतलं तर राग जरा कमी होतो. परदेशी घड्याळांच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या आयातीवर अनेक वर्षं कडक बंधनं होती. पावसाळ्यातली दमट हवा काचेच्या कडेने आत शिरायची, डायलवर काळे-तपकिरी डाग पडायचे. नवी डायल मिळायची नाही. मग लोक 'डायल रंगवून' घ्यायचे, आणि मुंबईत हे काम करणाऱ्या कारागिरांचा हात खरोखर चांगला होता. ज्याचं घड्याळ त्याने ते पुन्हा नवं दिसावं म्हणून रंगवून घेतलं, यात कसली फसवणूक? फसवणूक होते ती पुढे, तीच डायल 'फॅक्टरी ओरिजिनल' म्हणून विकली जाते तेव्हा. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि भारतातून आलेली चकचकीत जुनी घड्याळं पाहिली की दोन पावलं मागे सरतात. त्या कारागिरांच्या हातातल्या कौशल्याला असं नाव चिकटावं याचं मला वाईट वाटतं.

काटे आणि टॉर्च

डायलचा निकाल पक्का झाला तो काट्यांमुळे.

दोन्ही काट्यांच्या मधोमध अंधारात चमकणाऱ्या रंगाची बारीक पट्टी होती. डायलवर मात्र तसा एकही ठिपका नव्हता. हे जुळत नाही. कंपनी चमकणारे काटे बसवते तेव्हा डायलवरही, तासांच्या खुणांच्या टोकाला, त्याच रंगाचे ठिपके देते. साठच्या दशकात या कामासाठी ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरायला लागले, आणि ते वापरल्याची खूण म्हणून 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' छापायला लागले. आपल्या डायलवर ठिपके नाहीत, 'टी'ही नाहीत, काट्यांवर मात्र पट्टी.

आता दोन शक्यता. डायल पहिल्यापासून ठिपक्यांशिवायची असेल आणि काटे दुसऱ्या घड्याळातून आले असतील. किंवा काटे इथलेच असतील, आणि रंगवताना डायलवरचे ठिपके पुसले गेले असतील, नव्याने छापताना 'टी' राहून गेले असतील. निव्वळ या विसंगतीवरून कोणता भाग परका ते सांगता येत नाही, दोघांपैकी एक परका किंवा बदललेला आहे एवढंच कळतं. छपाईच्या खुणा जोडल्यावर दुसरी शक्यता जास्त पटते.

भाच्याने यावर चांगली युक्ती काढली. नोटा तपासायची निळी-जांभळी टॉर्च काट्यांवर दहा सेकंद धरून, दिवे मालवून व्हिडिओ काढायला त्याने विक्रेत्याला सांगितलं. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग संपायला लागणारा काळ, बारा वर्षांच्या थोडं वर आहे. १९६७ च्या ट्रिटियमपैकी आज शंभरात जेमतेम चार भाग उरले असतील, आणि त्यासोबतचा चमकणारा पदार्थही थकलेला असतो. जुना रंग टॉर्चखाली क्षीणसा उजळतो आणि टॉर्च काढली की बहुतेक वेळा लगेच विझतो. या व्हिडिओत काटे हिरवेगार पेटले, आणि व्हिडिओ संपेपर्यंत पेटलेलेच राहिले. तो नवा रंग. अशा प्रकारचा, किरणोत्सर्ग नसलेला चमकणारा रंग घड्याळांत नव्वदच्या दशकात आला. म्हणजे काटे १९६७ चे असोत वा नसोत, त्यांच्या पोटातला रंग फार तर तीस-एक वर्षांचा होता.

टॉर्चची ही चाचणी घरबसल्या, फुकट, कुठल्याही ट्रिटियमच्या घड्याळावर करून घेता येते, आणि ती नाकारायला विक्रेत्याकडे सबळ कारण नसतं. मात्र त्याआधीच्या रेडियमच्या घड्याळांचे काटे स्वतः खरवडू नयेत, दुसऱ्यालाही खरवडायला सांगू नये. रेडियमचं अर्धं आयुष्य सोळाशे वर्षांचं आहे. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच राहतो, आणि त्याची धूळ पोटात जाणं धोक्याचं.

बाकीचे भाग

इथे फारसा वेळ लागला नाही. चावीवर ओमेगाची खूण नव्हती आणि ती जरा मोठी दिसत होती, म्हणजे बाजारातली बसवलेली. काच प्लास्टिकची. ओमेगाच्या अशा काचेच्या बरोबर मधोमध, भिंगातून दिसेल एवढंच कंपनीचं चिन्ह असतं. ते जवळून काढलेल्या फोटोतही सापडलं नाही. चिन्ह असतं तरी काच १९६७ चीच असं ठरलं नसतं, कारण कंपनीच्या नंतरच्या काचांवरही ते असतं. या दोन्ही गोष्टी सहज बदलता येतात, म्हणून मी त्यांना फार महत्त्व देत नाही.

केसचं तसं नाही. कानांवरच्या पैलूंच्या कडा मऊ झाल्या होत्या. घासलेला भाग आणि चकचकीत भाग यांच्यामधली रेघ सुरीसारखी धारदार हवी, ती विरघळल्यासारखी दिसत होती. झाकणावरचा सीमास्टरचा समुद्रघोडा उथळ झाला होता. ही बफिंगची, म्हणजे चकाकीसाठी यंत्रावर घासण्याची करामत. मनगटावर घासून झाकण थोडं झिजतंच, पण कानांच्या कडा तशा झिजत नाहीत. आपल्याकडे सर्व्हिसिंगला दिलेलं घड्याळ न विचारता बफ करून देण्याची सवय आहे, आणि दर वेळी थोडं स्टील कायमचं जातं.

हिशोब

भाच्याला मी जे लिहून दिलं त्याचा गोषवारा असा. केस मूळची, पण बफ केलेली. मशीन मूळचं, सालाला धरून, चालू. डायल रंगवलेली. काट्यांचा रंग नवा, काटे मूळचे असतील किंवा नसतील. चावी आणि काच बाजारातली. हकिकत निराधार. १९६७ चं घड्याळ आहे असं म्हणता येईल. 'शंभर टक्के ओरिजिनल' म्हणता येणार नाही.

"मग घेऊ की नको?" हा त्याचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, कशासाठी घेतोयस त्यावर आहे. रोज वापरायला, दिसायला छान, आत खरं मशीन असलेलं घड्याळ हवं असेल तर हे वाईट नाही, पण किंमत त्या गोष्टींची दे: केस आणि मशीन. माझ्या हिशोबाने ती तीस-बत्तीस हजारांच्या वर जात नव्हती. ६८ हजार ही न रंगवलेल्या, चांगल्या डायलच्या घड्याळाला शोभणारी किंमत. आणि बाबांना जन्मवर्षाची खूण म्हणून द्यायचं असेल, तर ज्या भागाकडे ते दिवसातून वीस वेळा बघणार तोच भाग त्या सालचा नसावा, हे मला पटत नाही.

भाच्याने सगळे मुद्दे फोटोंसकट विक्रेत्याला सभ्यपणे कळवले आणि ३० हजार सांगितले. विक्रेता ५५ पर्यंत खाली आला. डायल रंगवलेली आहे हे त्याने नाकारलं नाही, "सगळ्यांच्याच असतात" म्हणाला, आणि जाहिरातीतला मजकूर होता तसाच ठेवला. व्यवहार तिथेच थांबला. डायल रंगवलेली असल्याचं त्याने स्वतः आधी सांगितलं असतं, तर मी भाच्याला चार पैसे जास्त द्यायला सांगितलं असतं.

मोठ्या व्यवहारांतही हे घडतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. विकत घेतलं खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ते घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणचे सुटे भाग जुळवून उभं केलेलं होतं आणि त्यात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. भाग ओमेगाचे होते, पण ते एका घड्याळाचे नव्हते.

डाग असलेलं घड्याळ

पुढे भाच्याने घाई केली नाही. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दोन-चार चकरा मारून, रिकाम्या हाताने परत येऊन त्याने पुन्हा ऑनलाइन शोध धरला, आणि बऱ्याच दिवसांनी याच मॉडेलचं एक घड्याळ सापडलं. विक्रेता पिंपरीचा, त्यामुळे प्रत्यक्ष भेटून व्यवहार करता येणार होता. घड्याळ दिसायला पहिल्यापेक्षा डावं. डायलवर आठ आणि नऊच्या मध्ये तपकिरी डागांचा एक पुंजका, काचेवर ओरखडे. पण उजेडाचा पट्टा डायलवरून फिरत होता, सहाच्या खाली अगदी कडेला 'टी स्विस मेड टी' होतं, तासांच्या खुणांच्या टोकांवरचे ठिपके आणि काट्यांवरची पट्टी एकाच मधाच्या रंगाची झाली होती. झाकणात १६६.०१०-६६, मशीनचा नंबर १९६७ च्या जवळचा. एखाद्या वर्षाचा असा फरक चालतो, कारण केस आधी तयार होऊन ठेवलेली असू शकते. मागितले ५२ हजार, ठरले ४७.

पैसे द्यायच्या आधी आम्ही तिघं नारायण पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. विक्रेत्यालाच सोबत घेतलं, म्हणजे पुढे शब्दाला शब्द नको. काकांनी डोळ्याला भिंग लावून मशीन बाहेर काढलं, काटे उतरवले. "काका, डायल जरा काढून दाखवाल?" मी विचारलं. "दाखवतो, पण साफ करायला सांगू नका," ते म्हणाले. डायल चिमट्यात धरून त्यांनी तिची कड भिंगाखाली फिरवून दाखवली. डायल रंगवणारे कारागीर छापताना बारा-सहाची रेष हाताशी राहावी म्हणून कडेला कानशीने एक बारीक खाच पाडतात. काच बसवली की ती खाच दिसत नाही. इथे कड अखंड होती, आणि डायलच्या मागचे दोन्ही पाय मूळचे, चिकटवलेले नव्हते. टॉर्च धरली तेव्हा ठिपके आणि काटे दोन्ही क्षणभर फिकट उजळले आणि एकदमच विझले.

वेळ तपासायचं यंत्र ताशी १९,८०० ठोक्यांवर लावून काकांनी त्यावर मशीन तपासलं. घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडत होतं, तेल सुकलेलं. त्यांनी ऑइलिंग, नवं गॅस्केट आणि कंपनीची काच एवढंच सुचवलं. बफला हात लावायचा नाही, डायल पुसायची नाही, आणि पावसाळ्यात घड्याळ स्कूटरवर घालून जायचं नाही, असं बजावलं. जुनी काच एका छोट्या पुडीत बांधून भाच्याच्या हातात दिली. पुढे कधी विकायची वेळ आलीच, तर सोबत द्यायला हवी म्हणून.